एका बारमध्ये किती तूर

प्रोटीन बार हे औषध आहे, मिठाई आहे की खुराक, याचा निकाल जालन्यात अजून लागायचा आहे. तूर्त तो तिन्ही दुकानांत मिळतो. मेडिकलवाला तो ओआरएसच्या पुड्या आणि खोकल्याच्या बाटल्या यांच्या मधल्या कप्प्यात ठेवतो आणि देताना सवयीनं विचारतो, "पेशंट कोण आहे?" स्वीट मार्टवाला तो गल्ल्याशेजारी मांडतो आणि पोरगं हटून बसलं की बापाला सुचवतो, "हे घ्या, यात साखर नाही." जिमवाल्यानं मात्र त्याला काचेच्या कपाटात कुलूपबंद केलंय. मागणाऱ्याच्या आधी दंडाकडं, मग पोटाकडं बघून तो किल्ली काढतो. मेडिकलमध्ये दहा टक्के सूट मिळते, स्वीट मार्टमध्ये थोडी घासाघीस चालते. जिममध्ये छापील किंमत द्यावी लागते, कारण तिथं सोबत सल्ला येतो आणि तो नको असला तरी घ्यावा लागतो.

आमच्या घरात ही वस्तू पुतण्याच्या बॅगेतून आली. पुतण्या एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात हिशेब लिहितो. जालना हे सळईचं गाव. भंगार वितळवायचं आणि त्याच्या सळया ओढायच्या, हे काम इथं रात्रंदिवस चालतं. दिवसभर आठ, बारा, सोळा, पंचवीस मिलिमीटरच्या नोंदी करून संध्याकाळी स्वतःच्या दंडाला टेप लावला, की कुणाही तरुणाचं मन खट्टू व्हायचंच. त्याचं झालं. त्यानं जिम लावली. जिमच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याला एक आकडा दिला: किलोमागं दोन ग्रॅम. तेव्हापासून आमच्या घरात जेवण बंद झालं आणि ताळेबंद सुरू झाला.

"आजी, ही भाकरी म्हणजे निव्वळ कार्ब आहे."

"निव्वळ कशी रे? मीठ घातलंय की."

"मीठ नाही मोजत त्यात."

"मग भात वाढू?"

"तेही कार्बच."

"मग काय, उपाशी निजतोस?"

उपाशी निजण्यालाही हल्ली एक इंग्रजी नाव आहे आणि त्याचंही वेळापत्रक असतं, असं त्यानं माझ्या आईला सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं. तिनं १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. तेव्हा अख्खा मराठवाडा हा प्रकार करत होता, फक्त वेळापत्रक पावसाच्या हातात होतं.

बार घरात आला त्या संध्याकाळी आईनं तो चाकूनं कापून त्याचे पाच तुकडे केले. आमच्या घरात एकट्यानं खायची वस्तू म्हणजे फक्त गोळी. पुतण्या कळवळला. त्याच्या मते प्रत्येक तुकड्याबरोबर चार ग्रॅम प्रथिनं परक्या पोटात चालली होती. पण आजीपुढं त्याचं चालत नाही. तुकडा तोंडात टाकल्यावर प्रथम चॉकलेट येतं, मग खजूर येतो, मग बराच वेळ काहीच येत नाही, नुसता जबडा चालत राहतो. सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला एक गोडवा उरतो. तो साखरेचा नसतो, त्यामुळं जातही नाही. आईचं मत पडलं, "राजगिऱ्याचा लाडू ओल्या हातानं वळलाय." बायको म्हणाली, "चांगला आहे. पण चघळता चघळता मालिका संपली." पुढच्या मे महिन्यात, जालन्याचा पारा बेचाळिसावर असताना, त्याच कंपनीचा बार पुतण्याच्या गाडीच्या डिकीतून निघाला, तेव्हा तो वेष्टनापासून वेगळा करता येईना. शेवटी त्यानं तो चमच्यानं खाल्ला. बाकीचे वाटेकरी त्या दिवशी आपोआप गळाले.

वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा पुरेना, म्हणून मी आईचं भिंग घेतलं. पोथी वाचायचं भिंग आहे ते, पण अक्षर पोथीपेक्षा बारीक निघालं. समोरच्या बाजूला ‘२० ग्रॅम प्रोटीन’ हे अंगठ्याएवढ्या आकड्यात होतं. मागच्या बाजूला बाकीचे चाळीस ग्रॅम काय आहेत, ते मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यात दुधाची प्रथिनं होती, सोयाबीनची प्रथिनं होती, बदाम होते (मोजके), चिकोरीच्या मुळाचा चोथा होता, तेल होतं, आणि साखरेच्या जागी मॅल्टिटॉल नावाचं काहीतरी होतं. या मॅल्टिटॉलच्या जातीच्या पदार्थांना पॉलिऑल म्हणतात आणि त्यांनी पोट सैल होऊ शकतं, असा इशाराही तिथंच, सगळ्यात बारीक अक्षरांत होता. मला तो वाचून बरं वाटलं. पुतण्या फुटाण्यांना नाक मुरडायचा ते याच मुद्द्यावर. शंभर ग्रॅम फुटाणे खाल्ले की त्यातही वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण मग संध्याकाळी चारचौघांत बसता येत नाही, ही त्याची तक्रार. आता कळलं, की या बाबतीत फुटाणे आणि बार एकाच पंगतीला बसतात. फुटाण्याच्या पुडीवर मात्र तसा इशारा छापलेला नसतो, ते ज्यानं त्यानं अनुभवानं शिकायचं.

बारची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लेखकाला फुटाण्यांच्या दुकानातून कमिशन मिळतं असं वाटेल. आपल्याकडं चटकन म्हणतात, "कशाला बार? मूठभर शेंगदाणे खा!" शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात हे बरोबर. पण त्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. शेंगदाण्यातून वीस ग्रॅम प्रथिनं घ्यायची तर साडेचारशे कॅलरी पोटात जातात. चिकीत गुळाचीही भर. बार तेवढीच प्रथिनं अडीचशेच्या आतबाहेर देतो. दुधाची प्रथिनं पचतातही डाळीपेक्षा चांगली. हे मी पुतण्यासमोर कबूल केलं, तर त्यानं ते मोबाइलवर पुन्हा म्हणायला लावून रेकॉर्ड करून ठेवलं.

आता किती लागतात हा प्रश्न. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही हैदराबादच्या हुकमतीतून सुटलो, पण प्रथिनांच्या बाबतीत फर्मान अजून तिथूनच निघतं. राष्ट्रीय पोषण संस्था तिथं आहे. तिचा हिशेब असा, की धडधाकट माणसाला वजनाच्या किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पुतण्याचं वजन साठ किलो. म्हणजे पन्नास ग्रॅम. जिमच्या मास्तरांच्या हिशेबानं एकशेवीस. निजामाच्या काळात तहसीलदार आणि पाटील यांच्या आकड्यांतही एवढी तफावत नसेल. वजन उचलणाऱ्यांना, धावणाऱ्यांना जास्त लागतात हे खरं आहे. खेळाडूंच्या आहाराचे जाणकार दीड, कुणी दोन ग्रॅमपर्यंतही सांगतात. पण तो आकडा खेळाडूंचा. पुतण्या जिममध्ये तासभर असतो. त्यातला निम्मा वेळ आरशासमोर जातो आणि उरलेल्यातला निम्मा मशीन रिकामं व्हायची वाट बघण्यात. फोटो काढायला किलोमागं किती प्रथिनं लागतात, हे हैदराबादवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही. मात्र मे २०२४ मध्ये त्यांनी भारतीयांसाठी आहाराची जी सतरा सूत्रं काढली, त्यात शरीर कमवायला प्रथिनांच्या डब्यांच्या नादी लागू नका, असं साफ म्हटलंय. आणि पाकिटावरच्या दाव्यांना भुलू नका, असंही. मी ते पुतण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, ते डब्यांबद्दल आहे. हा बार आहे." हा मुलगा कारखान्यात हिशेब लिहितो हे मला तेव्हा पटलं.

मग आम्ही दोघांनी मिळून घरच्या ताटाचा ताळेबंद मांडला. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी: पंधरा ग्रॅम. (निव्वळ कार्ब म्हणे.) पिठलं: आठ. वरण: सहा-सात. ठेच्यातला आणि भाजीतला दाण्याचा कूट धरून सात. दूध-दही: आठ. कधी मटकीची उसळ, कधी हुलग्याचे शेंगोळे, थंडीत तुरीच्या सोल्यांची आमटी. पन्नासाला आम्ही सहज टेकलो. शिवाय ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत मेथिओनिन कमी पडतं त्याची भर धान्य घालतं. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेलं भाकरी-पिठल्याचं हे लग्न कुणी कुंडली न बघता लावून दिलंय. पुतण्या गप्प झाला. मग म्हणाला, "पण काका, तुम्ही वरण घट्ट धरलंय."

हा टोला बरोबर बसला. वरण घट्ट की पातळ हे आमच्याकडं तुरीचा भाव ठरवतो. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा गल्लीतल्या कितीतरी घरांत हळदीच्या पाण्याला वरण म्हणायची पद्धत पडली होती. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर लावली, ती एवढी पिकली की खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला. २०१७ च्या मे महिन्यात या तूरखरेदीवरूनच आमच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या नेत्याच्या तोंडून शेतकऱ्यांना उद्देशून बायकोच्या भावाचं नातं निघून गेलं आणि ते महाराष्ट्रभर गाजलं. सांगायचं एवढंच, की प्रथिनं हा विषय आमच्याकडं जिमच्या फार आधीपासून गरम आहे. आणि ज्यांच्या ताटात खरोखर प्रथिनं कमी आहेत, ज्यांचा दिवस चहा-खारीवर उजाडतो आणि पातळ वरणभातावर मावळतो, त्यांनी बारचं नावही ऐकलेलं नाही. बार विकत घेणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा डाळ शिजलेलीच असते. तो ती खात नाही, एवढंच.

गंमत म्हणजे पुतण्याच्या कंपनीची गाडी त्याला कधीमधी छत्रपती संभाजीनगरला नेते, तेव्हा वाटेत बदनापूर लागतं. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र आहे. तुरीचे बीडीएन ७११ आणि बीडीएन ७१६ हे वाण तिथं तयार झाले. ७११ पांढरी, ७१६ लाल. ७११ लवकर येते, तिच्या शेंगा एकाच वेळी पक्व होतात, मर रोगाला ती दाद देत नाही. पाऊस मधेच पाठ फिरवून गेला तरी पदरात काहीतरी टाकणारं पीक पाहिजे, म्हणून तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं हजारो रोपांची निवड केली. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानातून प्रथिनं कशी काढायची, हा त्यांचा धंदा. आणि त्यांच्या फाटकासमोरून आमचा पुतण्या कानात यंत्र घालून, डोळे मिटून, कुठल्यातरी दूरच्या कारखान्यातली प्रथिनं चघळत जातो. तशी बियाण्याची आमच्या गावाला नवलाई नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ साली जालन्यात महिको काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्यात लग्नाच्या पंगतीत बसलेल्या दहा माणसांतली चार बियाण्याच्या धंद्यातली आणि तीन सळईच्या धंद्यातली निघतात. उरलेल्या तिघांची दोन्हीकडं उधारी असते.

शरीरसाधनेचीही आम्हाला नवलाई नाही. समर्थ रामदास १६०८ साली घनसावंगी तालुक्यातल्या जांबला जन्मले. परंपरा सांगते की ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत. पुढं त्यांनी गावोगाव मारुती बसवले आणि पोरांना तालमीच्या नादाला लावलं, पण ते सगळं कृष्णाकाठी. आमच्या वाट्याला जन्मगाव तेवढं आलं. लग्नाच्या बोहल्यावरून ते पळाले ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मनात मात्र नेहमी एक वेगळीच शंका येते, की म्हणजे ते पंगतीच्या आधीच गेले. त्यानंतरची बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला, नदीच्या पाण्यात उभं राहून जप आणि माधुकरीवर पोट. दारोदारचं मिळेल ते अन्न. त्याचे ग्रॅम कुणी मोजले नाहीत, आणि बाराशे सूर्यनमस्कार मात्र मोजले. आमच्या जिममध्ये नेमकं उलटं चालतं.

हा बार नावाचा प्रकार मुळात कुणासाठी निघाला ते बघितलं तर बरंच कोडं सुटतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत पिल्सबरी कंपनीनं अंतराळवीरांसाठी खाण्याच्या कांड्या बनवल्या. पीठ मळायला, पोळी लाटायला अवकाशात सोय नाही, चुरा उडाला तर यंत्रांत जातो, म्हणून. पुढं ब्रायन मॅक्सवेल नावाच्या धावपटूची मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात ताकद संपली आणि त्यातून त्यानं १९८६ साली कॅलिफोर्नियात पॉवरबार काढला. धावता धावता थांबून जेवता येत नाही, म्हणून. दोघांचीही अडचण खरी होती. त्यांना ताटावर बसता येत नव्हतं. आमचा पुतण्या जुन्या जालन्यातून नव्या जालन्यात जातो. मधे कुंडलिका नदी लागते, अंतराळ लागत नाही.

पण ज्यांना खरोखर ताटावर बसता येत नाही, अशीही माणसं गावात आहेत. समोरच्या घरातली नर्स आहे, तिच्या ड्यूटीला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. समृद्धी महामार्गावर गाडी चालवणारा एक भाडेकरू आहे, तो जेवणाच्या वेळी कुठल्या जिल्ह्यात असेल हे त्यालाही ठाऊक नसतं. यांच्या हातात दुपारी दोन वाजता येतो तो समोसा किंवा बिस्किटाचा पुडा. त्या जागी बार आला तर मी टाळ्या वाजवीन. बारची तुलना वरणाशी केली की बार हरतो, समोशाशी केली की जिंकतो. कंपन्या शहाण्या आहेत, त्या दोन्हीशी तुलना करत नाहीत; त्या जाहिरातीतल्या पोराच्या पोटाशी करतात. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी पहाटे आमच्या घरावरून मैदानाकडं धावत जाते. तिच्या ट्रॅकसूटच्या खिशात भिजवलेले हरभरे असतात, पिशवीला गाठ मारलेले. पुतण्यानं एकदा तिला मोठ्या मनानं बार देऊ केला. तिनं उलटा करून किंमत वाचली, परत दिला, आणि म्हणाली, "दादा, एवढ्यात माझा महिना निघतो." नंतर ती ज्या वेगानं गेली, त्यावरून प्रथिनं हरभऱ्यातूनही पोहोचतात असं दिसलं.

बारमधल्या दुधाच्या प्रथिनांचं मूळ कळलं तेव्हा आमच्या घरात एक प्रसंग घडला. ती निघतात व्हेतून, आणि व्हे म्हणजे चीज करताना गळून जाणारं पाणी. एके काळी युरोप-अमेरिकेतल्या चीजवाल्यांना त्याचं काय करावं हे समजत नव्हतं. डुकरांना पाजायचे, नदीत सोडायचे. मग ते आटवून, गाळून, वाळवून त्याची भुकटी करायचं तंत्र आलं आणि सांडपाण्याचं सोनं झालं. बायको श्रीखंड करायला घेते तेव्हा चक्क्याचं पाणी पातेल्यात गळतं आणि ते आमच्याकडं वर्षानुवर्षं कढीपत्त्याला जातं. पुतण्यानं ते पाहिलं आणि किंचाळला, "काकू, ते व्हे आहे!"

बायकोनं हात न थांबवता उरलेलं पाणी ओतलं. "म्हणून तर बघ ना कढीपत्ता कसा झालाय."

कढीपत्ता खरोखर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलाय. त्याचं खोड पुतण्याच्या मनगटाहून जाड आहे. त्यानं काही वेळ त्याच्याकडं टक लावून पाहिलं. शास्त्र म्हणून सांगायला हवं, की घरच्या चक्क्याच्या पाण्यात प्रथिनं फार थोडी असतात. दूध चांगलं उकळलं की व्हेमधली बरीचशी प्रथिनं चक्क्यातच अडकून राहतात. म्हणजे ती श्रीखंडातून आपल्याच पोटात जातात. हे ऐकल्यावर त्यानं श्रीखंड मात्र तीनदा मागून घेतलं. साखर कुठल्या खात्यात धरली ते विचारायचं राहिलं.

सोयाबीनची कथा याहून लांबची. मंठा-परतूरकडचं सोयाबीन मोंढ्यात येतं, तिथून तेलाच्या कारखान्यात जातं. तेल निघतं, पेंड उरते. बहुतेक पेंड कोंबड्यांच्या खुराकात जाते. थोडा माल आणखी पुढं जाऊन त्यातून नव्वद टक्के शुद्ध सोयाप्रथिनं काढली जातात आणि ती बारमध्ये शिरतात. तोच बार चकचकीत कपड्यांत कुंडलिकेच्या काठी परत येतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. वीस ग्रॅम प्रथिनं ज्या सोयाबीनमधून निघतात, त्याची या भावानं किंमत होते तीन रुपये. परतीचं तिकीट धरून एकशेवीस.

हा हिशेब मी करत होतो त्याच दिवशी आमचे मेहुणे आले. बदनापूर तालुक्यातच शेती आहे त्यांची. मोंढ्यात तूर घातली होती आणि व्यापाऱ्यानं ढिगात हात घालून "ओल आहे" म्हणत भाव पाडला होता, त्यामुळं तापलेलेच होते. आईनं चहा टाकला. पुतण्यानं मोठ्या अदबीनं एक नवा बार त्यांच्यापुढं ठेवला. मेहुण्यांनी वेष्टन फाडलं. बार दोन बोटांत दाबला. वाकवून पाहिला. मोडला नाही. नाकाशी नेला.

"ओल जास्त आहे," ते म्हणाले. "बारा टक्क्यांच्या वर. नाफेडवाले घ्यायचे नाहीत."

मग एक चावा घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलता येत नव्हतं. चहाच्या घोटाबरोबर तो खाली गेल्यावर त्यांनी किंमत विचारली. पुतण्यानं सांगितली. मेहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दाजी, ह्याचा हमीभाव कोण ठरवतं?"

पुतण्या सरसावला. प्रक्रिया, पॅकिंग, जाहिरात, संशोधन, वितरणाची साखळी, सगळं त्यानं समजावून सांगितलं. मेहुणे मान हलवत होते आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. २०२५-२६ च्या तुरीचा हमीभाव होता किलोला ऐंशी रुपये. मोंढ्यात त्याहून कमीच हाती पडले होते. एका किलो तुरीत अशा दहा बारांची प्रथिनं.

"म्हणजे दीड किलो तुरीचा हा एक," ते म्हणाले. "आन् त्यातबी तूर नाही."

"मामा, यात सोया आणि व्हे आहे."

"ते कळलं. सोयाबीनबी आमचंच." त्यांनी उरलेला अर्धा बार वेष्टनात गुंडाळून खिशात ठेवला, पोरांना दाखवायला. चपला घालता घालता दारातूनच वळले आणि पुतण्याला विचारलं, "ह्याचं बी कुठं भेटतं? एकरभर लावून बघतो. पण आधी इचारून ठेव, सरळ वाण आहे का संकरित. दरसाल नवं बी घ्यावं लागत आसंल तर नको."

पुतण्यानं खरोखर दुसरा बार काढून वेष्टन मागून-पुढून वाचलं. मी त्याला आईचं भिंग आणून दिलं.